मुंबई ते न्यूयॉर्क: हवाई अंतर आणि प्रवासाला लागणारा खरा वेळ स्वतः कसा काढायचा

मुंबई आणि न्यूयॉर्कचं केनेडी विमानतळ यांच्यातलं सरळ हवाई अंतर सुमारे १२,५३३ किलोमीटर आहे. मैलांत ७,७८८ आणि वैमानिक वापरतात त्या नॉटिकल मैलांत ६,७६७. हा आकडा इंटरनेटवर क्षणात सापडतो. पण आईबाबा पहिल्यांदाच न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीकडे निघालेत, साखरेच्या गोळ्यांच्या वेळा लावायच्यात, पुण्याहून गाडी किती वाजता काढायची ते ठरवायचंय आणि तिकडे जावयाला विमानतळावर कधी उभं राहायचं ते कळवायचंय, अशा वेळी या एका आकड्यावर काही भागत नाही. हाती हवा असतो तो घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंतचा हिशेब. तो कुणालाही करता येतो. शाळेतली त्रिकोणमिती थोडी आठवत असेल तर उत्तम, नसेल तर पहिली पायरी ओलांडून पुढे जा.

इथे मुंबई–न्यूयॉर्क हीच जोडी धरली आहे. रीत मात्र कुठल्याही दोन लांबच्या विमानतळांना लागू पडते.

पहिली पायरी: अंतर काढा

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं तर रेघ ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया असं करत अटलांटिकमध्ये उतरते. ही वाट दिसायला सरळ, पण प्रत्यक्षात लांबची. होकायंत्राची दिशा न बदलता त्या रेघेवरून गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर भरतात, म्हणजे साडेसोळाशे किलोमीटर जास्त. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना वरचे, ध्रुवांकडचे भाग ताणले जातात, त्यामुळे उत्तरेकडची जवळची वाट नकाशावर लांबची दिसते.

घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा घट्ट ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकेल: सौराष्ट्र, कच्छ, सिंध, कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तानचं वाळवंट, कझाकस्तानची पश्चिम बाजू, मॉस्कोच्या जवळून, फिनलंडचा दक्षिण भाग, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, लॅब्रडॉर आणि मग न्यू इंग्लंडवरून खाली न्यूयॉर्क. या वाटेचं सर्वांत उत्तरेकडचं टोक जवळजवळ ६५ अंश अक्षांशावर येतं, आर्क्टिक वृत्ताच्या थोडंसंच खाली. मुंबईहून निघताना विमानाचं तोंड पश्चिमेपेक्षा उत्तरेकडे जास्त असायला हवं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. दोरा ताणून दाखवला की लहान मुलांनाही पटतं, म्हणून हा प्रयोग घरात जरूर करा. या वाटेला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. गोलावरच्या कुठल्याही दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर नेहमी बृहद्वृत्तावरच मिळतं.

आता गणित. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. केनेडी विमानतळ ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम. एक पूर्वेला, दुसरं पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: १४६.६५ अंश. दोन्ही ठिकाणं एकाच बाजूला असती तर वजाबाकी. (बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करा, म्हणजे गोलाच्या जवळच्या बाजूने फरक मिळेल.) सूत्र असं:

कोसाइन (कोन) = साइन (पहिला अक्षांश) × साइन (दुसरा अक्षांश) + कोसाइन (पहिला अक्षांश) × कोसाइन (दुसरा अक्षांश) × कोसाइन (रेखांशांतला फरक)

आकडे घालून:

०.३२७१ × ०.६५१३ = ०.२१३०
०.९४५० × ०.७५८८ × (–०.८३५३) = –०.५९९०
बेरीज = –०.३८६०

या बेरजेचा उलट कोसाइन म्हणजे ११२.७ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की १२,५३२ किलोमीटर. सुरुवातीच्या आकड्यात आणि आपल्या आकड्यात एका किलोमीटरचा फरक पडला तो दशांश तोडल्यामुळे. काही संकेतस्थळांवर याहून थोडा मोठा आकडा दिसेल, कारण आपण पृथ्वी पूर्ण गोल धरली. ती ध्रुवांशी किंचित चपटी आहे: विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवापाशी ६,३५७. या सोप्या सूत्रातली चूक फार तर अर्धा टक्का असते आणि आपल्या कामाला ती चालते.

कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना ते आधी बघा. एक्सेलमध्ये करत असाल तर कोन रेडियनमध्ये बदलून घालावे लागतात. दक्षिण गोलार्धातलं ठिकाण असेल, समजा सिडनी, तर त्याचा अक्षांश उणे धरा.

ज्यांना हे नको असेल त्यांच्यासाठी सोपा उपाय आहे. संगणकावर गूगल मॅप्स उघडा, मुंबई विमानतळावर उजवं क्लिक करून अंतर मोजण्याचा पर्याय घ्या आणि मग केनेडी विमानतळावर क्लिक करा. रेघ वाकडी दिसेल, ती बरोबरच आहे. ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर दोन विमानतळांची तीन अक्षरी नावं दिली तरी काम होतं: मुंबईचं बीओएम, केनेडीचं जेएफके.

ही तीन अक्षरं तिकिटावरही नीट वाचा. न्यूयॉर्कला जाणारे आपले कितीतरी लोक खरं तर न्यू जर्सीत जात असतात आणि त्यांना नेवार्क, म्हणजे ईडब्ल्यूआर, सोयीचं पडतं. हवाई अंतर जवळजवळ तेवढंच, पण एडिसनपासून नेवार्क विमानतळ केनेडीच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे आणि मधे न्यूयॉर्क शहराची वाहतूक लागत नाही. आपल्या बाजूलाही आता मुंबईचं जुनं विमानतळ आणि नवी मुंबईचं नवं (एनएमआय) अशी दोन आहेत. कुर्ल्याहून निघणाऱ्याला आणि पनवेलहून निघणाऱ्याला या तीन अक्षरांनी दीड तासाचा फरक पडू शकतो.

दुसरी पायरी: विमान खरोखर किती उडतं ते धरा

दोऱ्याची वाट ही सर्वांत कमी अंतराची. विमान त्या वाटेने क्वचितच जातं. हवाई मार्ग ठरलेले असतात, वादळं टाळावी लागतात, अटलांटिकवर रोज वाऱ्यानुसार नवे मार्ग आखले जातात. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे खाली कोणाचा देश आहे.

वर दिलेली देशांची यादी पुन्हा बघा. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानकंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती बंद होती. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झालं. त्याच सुमाराला अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन, कॅनडा यांनी रशियन विमानांना आणि रशियाने त्यांच्या विमानांना मज्जाव केला. भारतीय कंपन्यांवर रशियाची ही बंदी नाही. म्हणजे एकाच दिवशी, एकाच दोन शहरांमध्ये, कंपनी कुठल्या देशाची आहे यावर विमानाची वाट बदलते. जून २०२५ मध्ये इस्रायल–इराण संघर्षात इराण आणि इराकवरचं आकाश बंद झालं, तेव्हा आखातातून जाणाऱ्या असंख्य विमानांना वळसे घ्यावे लागले.

यात मुंबईला एक भौगोलिक फायदा आहे. समोर अरबी समुद्र मोकळा असल्यामुळे विमान सरळ ओमानकडे काढता येतं. दिल्लीला पाकिस्तानचं आकाश बंद झालं की आधी खाली गुजरातकडे यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. २०२५ मध्ये उत्तर अमेरिका–दिल्ली मार्गावरच्या काही विमानांना व्हिएन्ना, कोपनहेगनसारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलं ते यामुळेच. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या मंडळींनी दिल्लीमार्गे जायचं की मुंबईमार्गे हे ठरवताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

हिशेबासाठी सरळ अंतरात पाच टक्के वाढवा. १२,५३३ चे होतात साधारण १३,१६० किलोमीटर. एखादी मोठी हद्द बंद असेल तर आठ-दहा टक्केही धरावे लागतात.

तिसरी पायरी: वेग आणि वारा

या पल्ल्यावर उडणारी बोइंग ७७७, ७८७, एअरबस ए३५० ही विमानं आवाजाच्या वेगाच्या साधारण ०.८४ ते ०.८५ पट वेगाने जातात. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे पन्नासच्या खाली असतं आणि तिथे आवाजाचा वेग ताशी सुमारे १,०६५ किलोमीटर. म्हणजे विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० च्या आसपास.

हा वेग हवेच्या सापेक्ष आहे आणि हवा स्वतः वाहते आहे. मध्य अक्षांशांवर याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार झोत असतो, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात तो अधिक बळकट होतो आणि त्याच्या गाभ्यात वारा ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. अमेरिकेला जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळाच्या दिवसांत न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी त्या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात.

पुष्कळ जण विचारतात, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाताना न्यूयॉर्क आपल्याकडे येत नाही का? नाही. हवासुद्धा पृथ्वीबरोबर फिरते आणि विमान त्या हवेत आहे. फरक पडतो तो फक्त वाऱ्याने.

आख्ख्या प्रवासाची सरासरी काढली तर वारा काही ठिकाणी आडवा, काही ठिकाणी मंद असतो, म्हणून जाताना ताशी ४० किलोमीटर वजा आणि येताना ४० अधिक धरणं हा चांगला अंदाज आहे. त्यात चढण, उतरण आणि धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याची पस्तीस मिनिटं मिळवा.

जाताना: १३,१६० ÷ ८६० = १५ तास १८ मिनिटं, अधिक ३५ मिनिटं, म्हणजे सुमारे १५ तास ५० मिनिटं.
येताना: १३,१६० ÷ ९४० = १४ तास, अधिक ३५ मिनिटं, म्हणजे १४ तास ३५ मिनिटं.

हा झाला पार्किंगच्या जागेपासून पार्किंगच्या जागेपर्यंतचा वेळ, ज्याला विमानकंपन्या ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावरच्या वेळा अशाच असतात. वैमानिक आत बसल्यावर जो वेळ सांगतो तो बहुधा फक्त हवेतला असतो, त्यामुळे तो अर्धा-पाऊण तास कमी ऐकू येतो.

विषुववृत्ताजवळच्या किंवा उत्तर-दक्षिण प्रवासात, मुंबई–सिंगापूर किंवा मुंबई–नैरोबी, या वाऱ्याचा परिणाम फारसा नसतो. तिथे ४० चा हा फरक घालू नका.

आपला अंदाज बरोबर आला का, हे ताडून बघायला फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर त्या विमानाचा क्रमांक टाका. गेल्या काही दिवसांत ते प्रत्यक्षात कधी सुटलं आणि कधी उतरलं ते दिसतं, नकाशावर मार्गही दिसतो. माझ्या मते तिकीट काढण्याआधी करायची ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. कंपनी वेळापत्रकात काय म्हणते यापेक्षा मागच्या पंधरवड्यात काय घडलं ते बघा. विमान रोज तासभर उशिरा पोचत असेल तर पुढचं जोडविमान त्या हिशेबाने निवडता येतं.

चौथी पायरी: घड्याळ सांभाळा

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे सावकाश जाऊ.

भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात ग्रिनिचच्या पाच तास मागे, उन्हाळ्यात चार तास मागे. म्हणून आपल्यात आणि त्यांच्यात हिवाळ्यात साडेदहा तासांचा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हे बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या अखेरीस एखादा आठवडा असा येतो की लंडन–न्यूयॉर्क फरक नेहमीच्या पाचऐवजी चार तासांचा असतो. दिवाळीच्या सुमारास लंडनमार्गे जाणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं.

समजा विमान मंगळवारी पहाटे १:०० वाजता मुंबईहून सुटतं. १५ तास ५० मिनिटं मिळवा: भारतात मंगळवार दुपारचे ४:५०. उन्हाळा असेल तर साडेनऊ तास वजा: न्यूयॉर्कमध्ये मंगळवार सकाळचे ७:२०. हिवाळ्यात ६:२०.

परत येताना विमान तिकडे दुपारी १२:०० ला सुटतं. १४ तास ३५ मिनिटं मिळवा: न्यूयॉर्कच्या घड्याळात दुसऱ्या दिवशी पहाटेचे २:३५. साडेनऊ तास मिळवा: मुंबईत दुपारचे १२:०५.

तिकिटावर मात्र काय दिसतं? जाताना १:०० ते ७:२०, जणू सहा तास वीस मिनिटं. येताना १२:०० ते दुसऱ्या दिवशी १२:०५, जणू चोवीस तास पाच मिनिटं. दोन्ही खोटे. पण या दोन खोट्या आकड्यांची बेरीज करा: ३० तास २५ मिनिटं. आणि खऱ्या आकड्यांची बेरीज? १५:५० अधिक १४:३५, तीही ३०:२५. जाताना वजा झालेला वेळेचा फरक येताना मिळवला जातो, म्हणून बेरजेत तो उरतच नाही. एखाद्या दूरच्या शहराचा वेळेचा फरक माहीत नसला, तरी दोन्ही बाजूंची तिकिटं समोर ठेवून बेरजेचं निम्मं केलं की एका बाजूचा सरासरी वेळ मिळतो. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं.

आता तारखेबद्दल. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. रात्री एक वाजता घरातलं कुणीही मोठं माणूस 'सोमवारची रात्र' असंच म्हणेल. तिकिटाच्या लेखी मात्र मध्यरात्री बारालाच मंगळवार लागलेला असतो. भारतातून अमेरिका-युरोपला जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि 'मंगळवारी रात्री एकचं विमान' असं फोनवर सांगितलं गेलं की मंडळी मंगळवारी संध्याकाळी घरातून निघतात. तोवर विमान अमेरिकेत पोचलेलं असतं. म्हणून आईवडिलांना, गाडीवाल्याला, सोडायला येणाऱ्या भाच्याला सांगताना विमानाची वेळ सांगूच नका. सांगायचं ते 'सोमवारी दुपारी साडेतीनला घरातून निघायचं'.

पाचवी पायरी: थेट जायचं की थांबत?

अंतराच्या दृष्टीने मधल्या थांब्याने आश्चर्य वाटावं इतका कमी फरक पडतो. मुंबई–लंडन सुमारे ७,२१० किलोमीटर आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४०. बेरीज १२,७५०, म्हणजे थेट अंतरापेक्षा जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर जास्त. मुंबई–दुबई सुमारे १,९३०, दुबई–न्यूयॉर्क सुमारे ११,०००. इथेही वाढ तीन टक्क्यांच्या आसपास. वेळ खातो तो थांबा. एकदा उतरणं, तपासणी, वाट बघणं, पुन्हा चढणं.

जोडविमानांचा हिशेब करताना एकच नियम पाळा: सगळ्या वेळा आधी भारतीय वेळेत बदला. उदाहरणादाखल, मुंबई पहाटे ४:३०, दुबई स्थानिक सकाळी ६:००. दुबई आपल्या दीड तास मागे, म्हणजे भारतीय ७:३०. दुबईहून स्थानिक ८:३०, म्हणजे भारतीय १०:००. पुढे चौदा तास, म्हणजे भारतीय मध्यरात्र. एकूण साडेएकोणीस तास. थेट विमानापेक्षा जवळजवळ पावणेचार तास जास्त.

हे पावणेचार तास वाया गेले असं मानायचं का? तिशीतल्या माणसाने तिकिटाचे पैसे वाचत असतील तर खुशाल थांबत जावं. सत्तरीच्या जोडप्याच्या बाबतीत माझं मत असं आहे: दोघांपैकी एकालाही इंग्रजी बोलायला संकोच वाटत असेल, तर पैसे जास्त पडले तरी थेट विमान घ्यावं. अनोळखी विमानतळावर गेट बदलल्याची घोषणा न कळणं हा प्रवासातला सर्वांत मोठा ताण असतो. याउलट पायांना सूज येत असेल, सलग पंधरा-सोळा तास बसणं डॉक्टरांनी नको म्हटलं असेल, तर मधला थांबाच बरा, आणि त्यासाठी तीन-चार तास मोकळे ठेवून व्हीलचेअर आधी नोंदवावी. दीड तासाचा थांबा कंपनीच्या नियमात बसत असला तरी ज्येष्ठांसाठी घेऊ नका.

अमेरिकेत पोचल्यावर पुढे आणखी विमान असेल, समजा न्यूयॉर्कहून शिकागो, तर इमिग्रेशन आणि कस्टम्स पहिल्याच अमेरिकी विमानतळावर होतं, सामान तिथे ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं. त्याला तीन तास ठेवा. अबू धाबीमार्गे गेल्यास अमेरिकी इमिग्रेशन अबू धाबीतच उरकतं, म्हणून तिथला थांबा मोठा हवा आणि अमेरिकेतला लहान चालतो. ज्या देशातून जाणार तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचे नियम तिकिटाआधी तपासा. आणि दोन टप्प्यांची वेगवेगळी तिकिटं काढू नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

सहावी पायरी: दारापासून दारापर्यंत

पुण्याहून एडिसन, उन्हाळा, तेच पहाटे एकचं विमान.

विमानतळावर चार तास आधी, म्हणजे सोमवार रात्री ९ ला पोचायचं. अमेरिकेच्या विमानांना कागदपत्रं आणि सामानाची तपासणी जास्त वेळ घेते. पुणे ते मुंबई विमानतळ साधारण दीडशे किलोमीटर, एरवी साडेतीन-चार तास. जून ते सप्टेंबर घाटात धुकं, पाऊस, दरड, आणि त्यानंतर सायन–पनवेल महामार्गाची संध्याकाळ. दीड-दोन तास वाढवा. म्हणून दुपारी साडेतीनला घर सोडायचं. कोल्हापूरकरांनी पहाटे निघावं किंवा आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करावा.

न्यूयॉर्कला मंगळवार सकाळी ७:२०. इमिग्रेशनची रांग आणि सामान यात दोन तास सहज जातात, म्हणजे साधारण सव्वानऊ. तिथून एडिसन पावणेदोन तास. घरात पाय ठेवला तेव्हा तिथले ११:००, भारतात रात्रीचे ८:३०.

सोमवार दुपारी ३:३० ते मंगळवार रात्री ८:३०: एकोणतीस तास. त्यातला विमानाचा वेळ निम्म्याहून थोडाच जास्त. बाकीचे तेरा तास रस्ता, रांगा आणि वाट बघणं. तिकीट निवडताना आपण उड्डाणातली वीस मिनिटं वाचवायला बघतो, पण नेवार्कला उतरलं किंवा मुंबईत विमानतळाजवळ मुक्काम केला तर याहून कितीतरी जास्त वेळ आणि दमणूक वाचते.

औषधांचा हिशेब याच एकोणतीस तासांवर करायचा, घड्याळाच्या काट्यावर नाही. रात्री नऊला गोळी घेतली आणि बारा तासांनी पुढची असेल, तर ती भारतीय वेळेच्या सकाळी नऊला, विमान कुठेही असो. म्हणून एक मनगटी घड्याळ शेवटपर्यंत भारतीय वेळेवर राहू द्या. मोबाइल उतरताच आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो आणि मग गोंधळ होतो. तिकडे पोचल्यावर नव्या वेळेला कसं सरकायचं, विशेषतः इन्सुलिन असेल तर, ते निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. चार तासांपेक्षा लांबच्या विमानप्रवासात पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून दर दीड-दोन तासांनी उठून चालायचं आणि पाणी पीत राहायचं.

झोपेसाठी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. डिसेंबरमध्ये हे पहाटेचं विमान जवळजवळ पूर्ण प्रवासभर अंधारातच राहतं, कारण ते रात्रीच्या पाठोपाठ पश्चिमेला पळत असतं आणि न्यूयॉर्कलाही सूर्य उगवण्याआधी पोचतं. जूनमध्ये उत्तरेकडचा मार्ग असेल तर अर्ध्या वाटेच्या आतच खिडकीबाहेर उजेड होतो आणि क्षितिजालगतचा सूर्य पुढे तासन्‌तास तसाच राहतो. डोळ्यांवरची पट्टी उन्हाळ्यातल्या प्रवासाला जास्त लागते.

निघण्याच्या आदल्या दिवशी तीन गोष्टी पुन्हा बघा: त्या क्रमांकाचं विमान काल कोणत्या वाटेने गेलं, किती वाजता पोचलं, आणि कंपनीने वेळ बदलल्याचा संदेश आलाय का. हवाई हद्दींचे निर्णय एका रात्रीत बदलतात. मग एका कागदावर ठळक अक्षरांत चार ओळी लिहून पासपोर्टात ठेवा: घरातून निघायची वेळ वारासकट, विमान क्रमांक, पोचायची वेळ तिथल्या आणि भारतीय दोन्ही घड्याळांप्रमाणे, आणि घ्यायला येणाऱ्याचा फोन क्रमांक. तशाच चार ओळींचा फोटो काढून एडिसनलाही पाठवा.